ऑनलाइन शिक्षा

सहामाहीच्या वह्या तपासत होते. सहावीच्या वर्गाला ‘माझी पहिलीची शाळा’ असा निबंध दिला होता. एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले होते, ‘करोनाच्या काळात आम्हाला घरी ऑनलाइन शिक्षा मिळाली.’ सवयीने लाल रेघ ओढली, वर ‘शिक्षण’ असे लिहिले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी वह्या वाटताना त्याला विचारले, ‘अरे, मराठीत शिक्षा म्हणजे काय, ठाऊक आहे ना?’ त्याला ठाऊक नव्हते. शेजारच्या मुलीने सांगितले, ‘सजा.’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘मग बरोबरच आहे ना, बाई.’ सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण गुण मात्र दिले नाहीत.

इंदूरच्या मराठी मुलांना असे शब्द नेहमीच चकवतात. लिपी एक, शब्दाचे रूप एक, अर्थ मात्र दोन. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत राग गायचा, मराठीत राग यायचा. हिंदीतला संसार सगळ्या जगाचा, आपला चार भांड्यांचा. हे चकवे आमच्या लहानपणीही होते. फरक इतकाच, की पूर्वी मूल ‘बाई, मी अभ्यासाची खूप चेष्टा केली’ असे म्हणाले, की मागच्या बाकावरून कोणीतरी हसायचे आणि तो शब्द जन्मभर लक्षात राहायचा. जो वर्ग 2020-21 साली पहिलीत दाखल झाला आणि 2025-26 मध्ये सहावीत आहे, त्याच्या वाट्याला हे मागच्या बाकावरचे हसणे फार उशिरा आले.

हे आज लिहिण्याचे कारण मागची पालकसभा. मराठीच्या तासाला मुले थोडी, शिक्षक मिळत नाहीत, खर्च परवडत नाही, तेव्हा आठवड्यातले दोन तास ऑनलाइन घ्यावेत, पुण्याहून एखाद्या चांगल्या शिक्षकाने शिकवावे आणि मुलांनी इथे पडद्यावर पाहावे, अशी सूचना तिथे आली. ‘करोनात चाललेच होते की,’ असेही एक पालक म्हणाले. सूचना सद्भावनेने आली आहे, याबद्दल मला शंका नाही. पण करोनात काय चालले आणि काय चालले नाही, हे ज्यांनी ते तास घेतले आणि ज्यांनी ते ऐकले त्यांनी सांगितले पाहिजे. म्हणून मी आमच्या दोन सहकारी बाईंशी बोलले आणि सहावी ते दहावीच्या मुलांशीही. जे हाती आले ते विश्वस्तांपुढे आणि पालकांपुढे ठेवते. माझे मत त्यात मिसळलेले असणारच.

आठवण करून देते. मार्च 2020 च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. पहिल्या महिन्यांत राज्यात सर्वांत जास्त रुग्ण आपल्या इंदुरात होते, त्यामुळे भीतीही इथे जास्त. प्राथमिकचे वर्ग पुन्हा उघडले ते 20 सप्टेंबर 2021 रोजी, तेही निम्म्या उपस्थितीने. म्हणजे ज्या वयात मूल अक्षर गिरवते, त्या वयातले दीड वर्ष शाळेचे दार बंद होते. राज्य सरकारने व्हॉट्सअ‍ॅपवरून डिजिलेपचे धडे पाठवले, 6 जुलै 2020 पासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ सुरू केले. ते सगळे हिंदीतून होते आणि असणारच. मराठीसाठी आपले आपणच होतो. आम्ही तिघी, तीन फोन आणि वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट.

त्या दिवसांत बऱ्याच घरांत एकच चांगला फोन होता. वडील कामावर जाऊ लागले की फोनही गेला. दोन भावंडांचे तास एकाच वेळी आले की घरात निवाडा व्हायचा, आणि निवाड्यात मराठी नेहमी हरायची. मोठ्याचे गणित महत्त्वाचे, मग धाकटीचे विज्ञान, मग इंग्रजी. ‘बाई, मराठी तर घरी बोलतोच आम्ही,’ हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या वेळा ऐकले, की त्यावर काय उत्तर द्यायचे हेच कळेनासे झाले. (घरी बोलतो म्हणणाऱ्या काही घरांत फोनवर मागून ऐकू येणारे बोलणे हिंदीच होते. तक्रार नाही, नोंद आहे.)

तास चाळीस मिनिटांचा. फुकटातल्या झूमवर चाळीस मिनिटांनी बैठक आपोआप संपायची, म्हणून शाळेचा तासही तेवढाच. ‘ऐकू येतेय का’, ‘बाई, तुमचा आवाज तुटतोय’, ‘कोणाच्या घरी कुकर लागलाय, माइक बंद करा’ यात सात-आठ मिनिटे जायची. उरली बत्तीस. पटावर बत्तीस मुले. हिशेब सरळ होता, प्रत्येकाला एक मिनिट. तेही सगळे आले आणि मी स्वतः एक शब्दही बोलले नाही तर.

विश्वस्तांनी सगळ्यांत जास्त विचार या हिशेबाचा करावा अशी माझी विनंती आहे. वर्गात मी ‘शेजाऱ्याला कालची गंमत सांगा’ म्हटले, की एकाच वेळी सोळा जोड्या बोलू लागतात. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो, पण पाच मिनिटांत बत्तीस मुले मराठी बोललेली असतात. पडद्यावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघे बोलले तर दोघांचेही ऐकू येत नाही. मुलांच्या जोड्या वेगळ्या खोल्यांत पाठवण्याची सोय असते हे मला माहीत आहे, आम्ही ती करूनही पाहिली. एकेका खोलीत मी डोकावले. एका खोलीत शांतता होती, दुसऱ्या खोलीत हिंदीतून क्रिकेट चालले होते.

इतर विषयांना हे इतके नडत नाही. भूगोलाच्या तासाला मुलाने गप्प बसून ऐकले तरी नर्मदेचा उगम अमरकंटकला आहे हे त्याला कळते. भाषेच्या तासाला गप्प बसून ऐकलेले मूल फार तर चांगला श्रोता होते. आणि ऑनलाइन तासाची पहिली शिस्त कोणती होती? ‘म्यूट करा.’ मी भाषेची शिक्षिका, आणि दीड वर्ष रोज तासाच्या सुरुवातीला मुलांना तोंड बंद ठेवायला सांगत होते.

आता उच्चारांकडे येते, कारण याचा त्रास आम्हाला आजही होतो आहे. हिंदीत वाढलेल्या कानाला मराठीचे दोन ‘च’ वेगळे ऐकू येत नाहीत. चार म्हणताना जीभ टाळ्याला लागते, चारा म्हणताना जिभेचे टोक दातांमागे जाते. ‘माझी’ आणि ‘माझा’ यांतला झ वेगवेगळा आहे. चिंच या एवढ्याशा शब्दात पहिला च एक आणि दुसरा च दुसरा. वर्गात मी हे तोंड दाखवून शिकवते. मुले माझ्या ओठांकडे आणि दातांकडे बघतात, एकमेकांची तोंडे बघून हसतात, आणि आठवडाभरात चिंच जमते. फोनच्या एवढ्याशा कर्ण्यातून दातांमागच्या च ची बारीक कड पुसून जायची. नेटवर्क कमकुवत असले, की श्रुतलेखनात वेळचा वेल आणि काळचा काल व्हायचा. मूल चुकले की यंत्र चुकले, हे सांगता यायचे नाही, आणि चूक कोणाची हे कळत नसेल तर दुरुस्त काय करणार? पुढे शाळा उघडली तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क. म्हणजे ओठ तेव्हाही दिसले नाहीत. या वर्गातली निम्मी मुले आजही ‘माझा’ हिंदी ज ने उच्चारतात.

कविता सामूहिक म्हणायच्या असतात. लाजाळू मूल मोठ्या आवाजांच्या आडोशाने म्हणते, आणि चार-सहा दिवसांनी त्याचा आवाज वेगळा ओळखू येऊ लागतो. आम्ही झूमवर एकदा सगळ्यांचे माइक उघडून कविता म्हणायचा प्रयत्न केला. प्रत्येकाचा आवाज निरनिराळ्या क्षणी पोचत होता. दोन ओळींत असा काही गलका झाला, की एका घरातला कुत्रा भुंकू लागला. पुन्हा कधी केला नाही.

लेखनाचे म्हणाल तर मुले फोनवर टंकून उत्तरे पाठवत. फोनवरचा कळफलक बहुतेकांचा हिंदी. त्यावर ळ पटकन सापडत नाही म्हणून मुलांनी तो सरळ सोडून दिला. ‘शाला’, ‘फला’, ‘सकाल’. काही जणांनी तर वहीतही तसेच लिहायला सुरुवात केली. आपला रफार आणि हिंदीचा रफार यांतला फरकही तसाच गेला. एका मुलाने ‘आचार्यांनी लाडू केले’ असे लिहून पाठवले. त्याला आचारी म्हणायचे होते. आचाऱ्यांनी केलेले लाडू आणि आचार्यांनी केलेले लाडू यांत केवढे अंतर आहे! आणि निबंध? एकाच आठवड्यात तीन घरांतून ‘माझी आजी’ हा निबंध शब्दशः एकच आला. तिघांनीही कुठला तरी हिंदी निबंध यंत्राला देऊन भाषांतर करून घेतला होता. तिघांचीही आजी पहाटे चारला उठत होती.

ही आम्हा शिक्षकांची बाजू झाली. मुलांची बाजू ऐकायला बसले तेव्हा मला वाटले होते, तीही हेच म्हणतील. तसे झाले नाही.

दहावीतल्या एका मुलीने सांगितले, की तिने आयुष्यात पहिल्यांदा मराठी धडा मोठ्याने वाचला तो करोनात. वर्गात तिचे नाव पुकारले की पोटात गोळा यायचा. घरी खोलीचे दार लावून तिने धडा वाचून ध्वनिमुद्रित केला, स्वतःच ऐकला, आवडला नाही, पुसला, पुन्हा वाचला. मला पाठवलेला आवाज सहाव्या खेपेचा होता असे तिने आता सांगितले. मला तेव्हा वाटले होते, ही एका दमात किती छान वाचते! वर्गात सहा वेळा वाचायची संधी मी कुठल्याच मुलाला दिलेली नाही, देऊ शकत नाही. हे मला लागले आणि कामाचेही वाटले.

राऊकडून येणाऱ्या एका मुलाला बसचे दीड तास वाचत होते, त्याला ते दिवस आवडले होते. एक जण म्हणाला, ‘बाई, तेव्हा तुम्ही रागवत नव्हता.’ खरे आहे, ज्याचा चेहराच दिसत नाही त्याच्यावर रागवायचे कसे? काहींनी मोकळेपणाने सांगितले, की ते हजेरी देऊन झोपायचे किंवा खेळ खेळायचे. मला माहीत होते, असे मी म्हणाले. निम्मेच माहीत होते.

आणि मग सहावीतल्या मुलांनी जे सांगितले, खरे म्हणजे जे त्यांना सांगता आले नाही, त्यावरून मला एक गोष्ट कळली. मी विचारले, मधल्या सुट्टीत काय खेळता? त्यांनी सांगितले, हिंदीतून. पकडापकडीचेच नाव दुसरे होते. मी विचारले, ‘मग राज्य कोणावर येते?’ कोणालाच कळेना. एकाने हात वर करून उत्तर दिले, ‘मध्य प्रदेश.’ आमच्या शाळेत मागे कित्येक वर्षे पहिली-दुसरीची मुले मोठ्या मुलांकडून हे शब्द उचलत आली. राज्य, डाव, भिडू, कट्टी. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते नव्हते, मी कधी शिकवले नाहीत आणि परीक्षेतही आले नाहीत. दीड वर्ष मधली सुट्टीच झाली नाही. मोठी मुले पुढच्या वर्गांत गेली, काही शाळा सोडून गेली, आणि लहानांना शब्द द्यायला अंगणात कोणी उरले नाही. धड्यातले राहिलेले आम्ही जादा तास घेऊन भरून काढले. अंगणातले राहिलेले भरून काढायला कोणता जादा तास घ्यावा, मला अजून सुचलेले नाही.

एक लाभ मात्र असा झाला, की त्याची आम्ही कोणी कल्पना केली नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात आज्या दिसू लागल्या. सुरुवातीला फोन धरायला, मग उत्तर कुजबुजायला, आणि मग उघडउघड बोलायला. एकदा धड्यात ‘फडताळ’ शब्द आला. मी अर्थ सांगायच्या आत तीन घरांतून तीन आज्या बोलू लागल्या. एकीच्या माहेरी देवासला भिंतीतले फडताळ होते, त्यात लोणच्याची बरणी कुठे असायची हे तिने सांगितले. दुसरी म्हणाली, शिंकाळेही सांगा मुलांना. त्या दिवशी चाळीस मिनिटे संपून बैठक बंद पडली तरी कोणाला कळले नाही. दोन-तीन हिंदीभाषक आयाही मुलांशेजारी बसून शिकत होत्या. त्यांतली एक मला आज शाळेच्या फाटकात भेटते तेव्हा आवर्जून मराठीत बोलते आणि ळ माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगला म्हणते.

पण याचीच दुसरी बाजू अशी, की ज्यांच्या घरी आजी नव्हती त्यांना यातले काही मिळाले नाही. वर्गात घरची आजी असणारा आणि नसणारा एकाच बाकावर बसतो आणि एकाचे शब्द दुसऱ्याकडे जातात. पडद्यावर ज्याचे त्याच्या घरीच राहिले.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी 2021 मध्ये आपल्या मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या 1,137 सरकारी शाळांमधल्या 16,067 मुलांची पाहणी केली होती. दुसरी ते सहावीतल्या 92 टक्के मुलांनी आधीच्या वर्षी येत असलेले निदान एक भाषिक कौशल्य गमावले, असे त्यात आढळले. ती शाळा सरकारी, आपली खासगी. तिथे मराठीचा प्रश्न नव्हता. म्हणून आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण त्यांनी तपासलेल्या कौशल्यांत एक होते ते चित्र पाहून किंवा स्वतःचा अनुभव तोंडी सांगणे. तिथे मी थांबले. आपल्या मुलांचे वाचन दोन वर्षांत पुष्कळ सावरले. लेखनही बरे आहे. ‘काल काय झाले ते सांग’ म्हटले, की सहावीतला हुशार मुलगाही दोन वाक्यांनंतर हिंदीत जातो.

आता सूचनेकडे. शिक्षक मिळत नाहीत हे खरे आहे. मी स्वतः आणखी फार वर्षे नाही. पैशाची अडचणही खरी आहे, ती विश्वस्त माझ्यापेक्षा जास्त जाणतात. पुण्याचे शिक्षक माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतील, यातही वाद नाही. पण पुण्याच्या मुलाला तासानंतर रस्त्यावर, दुकानात, रिक्षात मराठी मिळते. आपल्या मुलाला शाळेच्या फाटकाबाहेर पोहे-जिलेबीच्या गाडीपासून हिंदी सुरू होते. होळकरांच्या दफ्तरात एके काळी मोडीतली मराठी लिहिली जात होती, राजवाड्याभोवतीच्या पेठांत ती ऐकू येत होती. ते दिवस गेले, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. आज या शहरात बत्तीस मुलांना एका खोलीत एकाच वेळी मराठी बोलावी लागते अशा जागा किती उरल्या आहेत, ते आपणच मोजावे. त्यांतली एक आपण पडद्यावर नेऊ नये. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण शाळेत पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचा खर्च मी काढत नाही, पण आठवण करून देते.

पडद्याशी माझे भांडण नाही. वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवण्याचा गृहपाठ मी या सत्रापासून पुन्हा सुरू केला आहे. लाजाळू मुलांसाठी त्याहून चांगला उपाय मला मिळालेला नाही. महिन्यातून एका शनिवारी आज्या-आजोबांचा ऑनलाइन तास घ्यावा, त्यात शाळा सोडून बंगळुरूला किंवा परदेशी गेलेली मुलेही येऊ शकतील. पुण्याचे शिक्षकही त्यात जरूर यावेत, आम्हीही शिकू. हे सगळे तासांखेरीज व्हावे. आठवड्याचे जे तास आहेत ते खोलीतच, फळ्यासमोर, गोंगाटासह राहावेत. आणि शिक्षक मिळत नसेल तर आपल्याच माजी विद्यार्थिनींपैकी कोणी अर्धवेळ येईल का, हे विचारून तरी पाहावे. मी दोघींना विचारले आहे. एक ‘हो’ म्हणाली, मानधनाचे विश्वस्तांशी बोलायला ती तयार आहे.

विषय दिवाळीनंतरच्या बैठकीत येणार आहे. त्याआधी ज्या विश्वस्तांना आणि पालकांना शक्य असेल त्यांनी गुरुवारी तिसऱ्या तासाला सहावीच्या वर्गात येऊन बसावे. मागचा बाक रिकामा असतो. त्या तासाला मुले जोड्यांनी बोलत असतात, म्हणून आवाजाची तयारी ठेवून यावे. कोणी तुम्हाला जोडीदार म्हणून ओढले तर कालची गंमत सांगावी लागेल, मराठीतून.